न्यूफाउंडलंडचा कॉड जवळजवळ पाचशे वर्षे पुरला, मग काही दशकांत संपला कसा?

आपला प्रश्न असा आहे की, कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या समुद्रात शतकानुशतके कॉड हा मासा पकडला जात होता तरी तो टिकून राहिला, मग विसाव्या शतकाच्या अखेरीस तो एकाएकी नाहीसा का झाला. अतोनात मासेमारी एवढेच त्याचे कारण आहे का? मी मत्स्यशास्त्र शिकलो आहे आणि या विषयावर बरेच वाचले आहे. मासा किती पकडला याबरोबरच तो कुठे आणि कोणत्या ऋतूत पकडला, हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, असे माझे मत झाले आहे.

१४९७ मध्ये जॉन कॅबट ब्रिस्टलहून निघून या किनाऱ्याला लागला. तेथे दगड बांधलेली टोपली पाण्यात सोडली तरी मासे मिळतात, असे त्याच्या सोबत्यांनी सांगितल्याचे मिलानच्या राजदूताने लंडनहून आपल्या धन्याला कळवले होते. पुढच्या शतकात बास्क, पोर्तुगीज, फ्रेंच आणि इंग्रज जहाजे दर वसंतात तेथे जाऊ लागली. एवढ्या दूरचा मासा युरोपात विकणे परवडले, याचे कारण कॉडच्या शरीरात आहे. त्याच्या मांसात चरबी फार थोडी असते आणि बहुतेक तेल यकृतात साठते (आपल्याकडे लहानपणी पाजले जाणारे कॉड लिव्हर ऑइल ते हेच), त्यामुळे वाळवलेला मासा सहसा खवट होत नाही आणि महिनोन्‌महिने टिकतो.

फ्रेंच आणि पोर्तुगीजांकडे मिठागरे होती, म्हणून ते जहाजावरच भरपूर मीठ लावून मासा ओला नेत असत. इंग्रजांना मीठ महाग पडे. ते किनाऱ्यावर उतरून हलके मीठ लावत आणि फांद्या अंथरलेल्या लाकडी मांडवांवर मासा उन्हा-वाऱ्यात वाळवत. एकाने गळा चिरायचा, दुसऱ्याने डोके व आतडी काढून यकृत बाजूला ठेवायचे, तिसऱ्याने मासा उघडून पाठीचा काटा काढायचा आणि चौथ्याने मीठ लावायचे, अशी कामाची वाटणी असे. मीठ कमी पडले तर मासा नासे आणि जास्त झाले तर तो ठिसूळ होऊन त्याची किंमत उतरे, म्हणून मीठ लावणाऱ्याच्या हाताला फार मान होता. आपल्या वलांडीवर टांगून वाळवलेल्या बोंबलाशी अधिक जवळचे नाते आहे ते नॉर्वेतील लोफोटेनच्या कॉडचे, कारण तेथे मासा मिठाशिवाय, फेब्रुवारी ते मे या काळात थंड वाऱ्यावर लाकडी मांडवांना टांगून वाळवतात. न्यूफाउंडलंडचा सर्वांत हलक्या प्रतीचा माल कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांच्या पोटात जाई. या व्यापाराच्या भरभराटीबद्दल लिहिताना ही गोष्ट गाळता कामा नये.

दीर्घकाळ मुख्य साधन होते शिशाचे वजन लावलेला हातदोर आणि त्याचा गळ. एकोणिसाव्या शतकात शिडाच्या मोठ्या जहाजांवरून डोरी नावाच्या सपाट तळाच्या लहान होड्या समुद्रात उतरवल्या जाऊ लागल्या. एकेका होडीत एक-दोन माणसे बसून शेकडो गळ लावलेले लांब दोर तळाशी सोडत, आणि दाट धुक्यात जहाजापासून चुकून कित्येक जण परत येत नसत. १८६० च्या दशकात किनाऱ्यासाठी कॉडचा सापळा निघाला. ही एका जागी रोवलेली, खोलीसारखी चौकोनी जाळी. किनाऱ्यापासून आडव्या लावलेल्या जाळ्याच्या भिंतीला धरून मासा आपोआप तिच्या दारातून आत शिरे.

या सर्व साधनांना एक मर्यादा होती. उन्हाळ्यात कॅपलिन नावाचे लहान मासे अंडी घालण्यासाठी किनाऱ्याला येतात आणि कॉड त्यांच्या मागोमाग येतो. हिवाळ्यात मात्र तो खंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) कडेला खोल पाण्यात दाट थव्यांनी जमतो आणि हिवाळा सरताना तेथे अंडी घालू लागतो. तेथे वादळे आणि तरंगते बर्फ असल्यामुळे होडीवाला पोहोचू शकत नसे. कोणताही कायदा नसताना माशाला सुरक्षित जागा आणि सुरक्षित ऋतू मिळाला होता, तो असा.

१९५४ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे बांधलेल्या ‘फेअरट्राय’ या जहाजाने ही मर्यादा मोडली. मागच्या उतारावरून अजस्र जाळे आत ओढायचे आणि मासा तेथेच कापून गोठवायचा, अशी त्याची रचना होती. त्यामागोमाग सोव्हिएत, जर्मन, स्पॅनिश अशा अनेक देशांची कारखाना-जहाजे आली. ध्वनिलहरींनी थवे शोधून ती भर हिवाळ्यात अंडी घालण्यासाठी जमलेल्या माशांवर जाळी टाकू लागली आणि १९६८ मध्ये उत्तरेकडील कॉडची (न्यूफाउंडलंडजवळच्या याच साठ्याची) पकड सुमारे ८ लाख टनांवर गेली.

१९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द लागू करून बहुतेक परदेशी जहाजे बाहेर काढली, पण त्यांची जागा स्वतःच्या ट्रॉलरांनी (जाळे ओढत नेणाऱ्या मोठ्या जहाजांनी) भरून काढली. माझ्या मते खरी चूक येथे झाली. ट्रॉलरला दर तासाला किती मासा मिळतो, यावरून सरकारी शास्त्रज्ञ साठ्याचा अंदाज बांधत. परंतु साठा घटत असताना उरलेला कॉड आणखी दाटीने एकत्र येतो, त्यामुळे ट्रॉलर भरत राहिले आणि अंदाज प्रत्यक्षाहून बरेच फुगले. मासा कमी आणि लहान होत चालला आहे, हे किनाऱ्यावरचे मच्छीमार १९८० च्या दशकात सांगत होते. त्यांचे म्हणणे वेळेत ऐकले गेले नाही. २ जुलै १९९२ रोजी मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी बंदी जाहीर केली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला.

त्या वर्षांत पाणी नेहमीपेक्षा थंड होते आणि कॅपलिनही घटला होता, त्यामुळे मासेमारी हे मुख्य कारण असले तरी एकमेव नव्हते. २०२४ मध्ये बंदी उठवून १८,००० टनांची मर्यादा ठरवण्यात आली. मला हा निर्णय घाईचा वाटतो, कारण कॅपलिनचा साठा अजूनही १९९० पूर्वीच्या पातळीवर आलेला नाही आणि कॉडचे पोषण मुख्यतः त्याच माशावर होते.