लेकीला गुन्हेपीडितांसाठी काम करायचंय, पुढे काय?

लातूरहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बी.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. बी.एड. नको, स्पर्धा परीक्षा नको, अत्याचार झालेल्या मुली-बायकांना मदत करायचं काम करणार, असं तिने डोक्यात घेतलंय. क्रिमिनॉलॉजीच्या ऑनलाइन डिप्लोमाची फी मागतेय. वडील विचारतात, "ताई, यात नोकरी असते का? आणि पोलीस ठाण्याच्या, कोर्टाच्या चकरा मुलीच्या जातीला झेपतील का?"

नमस्कार. फी भरली नसेल तर भरू नका. गुन्हा का घडतो, शिक्षेने काय साधतं, हा क्रिमिनॉलॉजीचा अभ्यास. विषय चांगलाच आहे, पण लेकीला ज्या खुर्चीवर बसायचंय तिथे बहुतेक वेळा विचारतात एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. (जाहिरातीत बोटांचे ठसे आणि भिंग दिसलं की पोरं भुलतात, त्यात तिचा दोष नाही.)

नोकरी असते, पण तिला एकच एक नाव नसल्यामुळे तुमच्या नजरेस पडली नाही. 2015 पासून केंद्राच्या योजनेतून अत्याचारग्रस्त बायकांसाठी 'सखी' वन स्टॉप सेंटर सुरू झाली, तिथे केस वर्कर आणि समुपदेशक लागतात. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याने संरक्षण अधिकारी हे पद आणलं. मुंबईत पोलीस आयुक्तालयात 1984 मध्ये टिसने (टाटा समाजविज्ञान संस्थेने) महिला व बालकांसाठी विशेष कक्ष काढला. बसायचं पोलिसांच्या आवारात, पण पोलीस व्हायचं नाही, हे त्याचं वैशिष्ट्य. पुढे हे काम राज्यभर पसरलं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 पासून 'दिलासा' केंद्र आहे. मार खाऊन आलेली बाई आधी दवाखाना गाठते, पोलीस ठाणं नंतर किंवा कधीच नाही, म्हणून ते दवाखान्यात.

तुमच्या मुलीने सगळ्यात नीट समजून घ्यावं असं काम म्हणजे पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, खटल्यातली सहायक व्यक्ती, म्हणजे सपोर्ट पर्सन. 2020 च्या नियमांनुसार बालकल्याण समिती ती नेमते. तपासापासून निकालापर्यंत मुलाच्या आणि घरच्यांच्या सोबत राहायचं. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, पोलीस गणवेशात नकोत, रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही, हे कायद्यात लिहिलेलं आहे. ते पाळलं जातंय का, हे बघणारं माणूस लागतं. साक्षीच्या आधी मुलाला कोर्ट दाखवून आणायचं, जज कुठे बसतात, पाण्याची सोय कुठे, आरोपी समोर दिसणार नाही, वकिलांचे प्रश्न जज विचारतील, हे सांगायचं. मात्र 'काय बोलायचं' हे चुकूनही सांगायचं नाही. पढवलेली साक्ष उलटतपासणीत टिकत नाही. आणि एवढी तयारी करून गेलं की कळतं, आज तारीख पडली. दहा वर्षांचं पोर डबा न उघडता परत जातं. पुढच्या तारखेला त्याला पुन्हा तयार करायचं हेही हिच्याच वाट्याला. मधल्या काळात नातेवाईक 'मिटवून टाका' म्हणत घरी येऊन बसतात, आई डळमळते, साक्षीदार फितूर होतात. पीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या राज्याच्या मनोधैर्य योजनेच्या अर्जाचे कागद, शाळेत पुन्हा प्रवेश, हेही बघावं लागतं.

कणव पुरत नाही ती इथे. एखादी मुलगी विश्वासाने म्हणते, "ताई, कुणाला सांगणार नसशील तर सांगते." तसं वचन देता येत नाही, कारण अठरा वर्षांखालच्या मुलावरच्या अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना न कळवणं पोक्सोखाली गुन्हा आहे. हे आधीच सांगायचं आणि तरी ती बोलती राहील असं वागायचं, हे फील्डवर्कमध्ये घासूनच येतं. आणि घरी आल्यावर तुम्ही "आज काय झालं गं?" विचारलंत तर ती गप्प बसेल. पीडितेची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. ते मनावर घेऊ नका.

पैशाचं स्पष्टच सांगते. पुष्कळ जागा कंत्राटी, मानधनावर, आणि मानधन वेळेवर येईलच असं नाही. सहायक व्यक्तीचं मानधन शिक्षण आणि अनुभवाला साजेसं असावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं, पण कागदावरचं हातात पडायला वेळ लागतो. म्हणून स्पर्धा परीक्षा नको हा हट्ट तिने थोडा सैल करावा. संरक्षण अधिकारी, परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) ही महिला व बालविकास विभागाची पदं परीक्षेतूनच भरतात आणि ती याच कामाची आहेत.

शिक्षणाचं म्हणाल तर एमएसडब्ल्यू पुण्याच्या कर्वे समाज सेवा संस्थेत, मुंबईच्या निर्मला निकेतनमध्ये आहे. टिसचं आवार तुळजापूरलाही आहे, तुम्हाला जवळ. मुंबईच्या टिसमध्ये क्रिमिनॉलॉजी समाजकार्याच्या अंगाने शिकवण्याची जुनी परंपरा आहे, तिथे लेकीची आवडही भागेल. टिससाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत नंतर बघा, आधी विचारा की फील्डवर्कला कुठे पाठवता आणि तिथे मुलींवर देखरेख कोण करतं. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढच्या कॉलेजात जा.

राहिला 'मुलीच्या जातीचा' प्रश्न. या केंद्रांवर येणाऱ्या बहुतेक मुली-बायकाच असतात आणि त्यांना समोर बाईच हवी असते. धोका आहे, चिडलेला नवरा केंद्रापर्यंत येतो. म्हणून होमव्हिजिटला एकटीने जायचं नाही आणि स्वतःचा मोबाइल नंबर द्यायचा नाही, हे पहिल्याच आठवड्यात शिकवणारी संस्था निवडायची. परीक्षा झाल्यावर सुट्टीत लातूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात (मोफत कायदेशीर मदतीचं सरकारी कार्यालय) तिला घेऊन जा, विधी स्वयंसेवक होता येतं का ते विचारा. अर्ज भरण्यात आणि रांगेत थांबण्यात महिना गेला आणि तरीही तिला हेच करायचं असेल, तर फीचं बोलू.