'एकसर' मधला 'सर' कुठला?

प्रश्न असा आहे: विजेच्या परिपथाच्या (सर्किटच्या) आकृतीत दोन रोध, म्हणजे विजेच्या धारेला अडवणारे रेझिस्टर, समोरासमोर उभे काढलेत, अगदी समांतर रेषांसारखे. वरची टोकं एका तारेने जोडलेली, खालची घटाच्या (बॅटरीच्या) धन आणि ऋण टोकांना. तरी पुस्तक म्हणतं 'एकसर जोडणी'. मग शब्द चुकला की आकृती?

दोन्ही बरोबर आहेत. 'एकसर' म्हणजे एका सरळ रेषेत, असं आपण नकळत धरून चालतो, तिथे घोटाळा होतो. हा 'सर' म्हणजे मोत्यांचा सर. दोरा गळ्यात वळला काय किंवा डबीत वेटोळा पडला काय, मणी एकाच दोऱ्यात ओवलेले राहतात. धारेलाही पहिल्या रोधातून निघाल्यावर दुसऱ्यात शिरण्यावाचून वाट नसते, म्हणून दोघांतून धारा तेवढीच. मला तर मूळच्या 'सिरीज'पेक्षा हा शब्द जास्त बोलका वाटतो. खूणही त्यातच आहे: दोन रोधांच्या मधल्या सांध्यातून तिसरी तार फुटते का ते पाहा. फुटत नसेल तर सर अखंड आहे.

'समांतर' मात्र भूमितीतला शब्द, आणि परिपथात रेषांमधलं अंतर कुणी मोजत नाही. दोन्ही रोधांची टोकं त्याच दोन बिंदूंना जोडलेली असली की झाली समांतर जोडणी, मग कागदावर ते आडवेतिडवे का असेनात. इथलं 'अंतर' विभवांतरातलं (म्हणजे व्होल्टेजमधलं) समजावं, असं मी सुचवेन. ही व्युत्पत्ती नव्हे, पण दोघांच्या टोकांमधलं विभवांतर सारखंच असतं, त्यामुळे आठवण चुकीच्या वाटेने नेत नाही.

आता उलट बाजूने पाहा. अ, ब, क, ड हे बिंदू एका ओळीत, लगतच्या दोन बिंदूंमध्ये ६ ओहमचा एकेक रोध. अ ते ड रोध १८ ओहम, सरळ एकसर. त्यात अ ते क एक नुसती तार जोडा, ब ते ड दुसरी. तारांचा रोध शून्य धरला तर अ आणि क हा एकच बिंदू झाला, ब आणि ड दुसरा. तिन्ही रोध त्याच दोन बिंदूंमध्ये आले, म्हणजे समांतर! अ ते ड रोध आता फक्त २ ओहम. आकृतीत मात्र तिन्ही अजून एकाच ओळीत उभे आहेत.

आणि काही जोडण्या दोन्हींत बसत नाहीत. व्हीटस्टनच्या सेतूत चार रोधांचा चौकोन असतो, पाचवा रोध त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे जोडतो, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांना घट. या पाच रोधांपैकी कुठलेही दोन घ्या, ते एकसरही नसतात, समांतरही नसतात. सेतू संतुलित नसेल, म्हणजे पाचव्या रोधातूनही धारा वाहत असेल, तर तिथे हे दोन्ही शब्द बाजूला ठेवून किरचॉफचे नियम, म्हणजे प्रत्येक सांध्यावर धारेचा आणि प्रत्येक बंद वाटेवर विभवांतराचा हिशोब, लावावे लागतात.