सीमा, हद्द की सरहद्द?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेच्या एकोणिसाव्या शतकातल्या एका नकाशावरचा मजकूर मराठीत करायचाय, त्यात ‘बाउंड्री’ पण आहे आणि ‘फ्रंटियर’ पण, तर दोन्हीला ‘सीमा’ लिहिलं तर चालेल का?

माझं मत, अजिबात लिहू नका. तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत दोन्हीला शब्द आहेत. बाउंड्री म्हणजे करारात ठरलेली रेघ, ती सीमा. फ्रंटियर म्हणजे रेघ नाहीच, तो पट्टा आहे, जिथे गोऱ्यांची वस्ती विरळ होत जाते आणि पुढे मूळ रहिवाशांचा मुलूख असतो. त्याला ‘सरहद्द’. आपण वायव्य सरहद्द प्रांत म्हणायचो ना, तो अख्खा प्रदेशच होता, आणि हिंदीत जे सीमांत गांधी ते आपल्याकडे सरहद्द गांधी. शिवाय दोन्ही एकदम सरकत नाहीत, म्हणजे बघा, 1848पर्यंत सीमा पॅसिफिक महासागराला भिडली होती, पण 1890च्या जनगणनेपर्यंत सरहद्द मोजली जात होती, आणि मग जाहीर झालं की आता वस्ती कुठे संपते हे दाखवणारी सलग रेघ काढता येत नाही.

आता ‘हद्द’. हा शब्द मला जमिनीवरचा वाटतो, मोजणीवाले ‘हद्द कायम’ करतात तो. मेक्सिकोबरोबरच्या युद्धानंतर 1848 मध्ये जो तह झाला त्याला डिस्टर्नेल या प्रकाशकाचा 1847चा नकाशा जोडला होता, त्यात एल पासो गाव खऱ्या जागेपेक्षा साधारण अर्धा अंश उत्तरेला आणि रिओ ग्रांदे नदी जवळपास दोन अंश पूर्वेला सरकलेली. कागदावर सीमा ठरली, पण दोन्ही देशांचे मोजणीवाले तिथे पोचल्यावर भांडण सुरू, की नकाशातलं गाव धरायचं की खरंखुरं उभं असलेलं? मेसियाच्या खोऱ्याचा हा वाद होता, शेवटी 1853चा गॅड्सडेन करार झाला, 1 कोटी डॉलर मोजून अमेरिकेने जमीन घेतली तेव्हा तो मिटला. सीमा आणि हद्द यांतला फरक याहून स्पष्ट कुठे दिसणार!

(‘शीव’ पण ‘सीमा’वरूनच आलाय, मुंबईतल्या शीवचं नाव तेच. पण शीव गावाला असते, देशाला नको.)

नकाशाच्या शीर्षकात ‘हद्दवाढ’ लिहावंसं वाटेल, शब्द छान आहे, पण ऐकला की महापालिका डोळ्यांसमोर येते, लढाई नाही. तिथे ‘सीमाविस्तार’च लिहा.