'निळा चतुर' म्हणजे नेमका कोण?

प्रिय मुली,

राखीव जागेत दिसलेल्या जीवांची तुझी यादी मिळाली. अडीच तासांत 41 नावं! उत्साह दिसतोच आहे, पण मी तिसऱ्या ओळीलाच अडलो. 'निळा चतुर, बेडूक, शिकारी पक्षी.' चतुर म्हणजे ड्रॅगनफ्लाय, एवढं कळलं. पण कुठे? किती वाजता? एक की आठ? एवढ्याशा त्या राखीव जागेत तळं आहे, गवताळ तुकडा आहे, झाडोरा आहे. यातलं कोण कुठे होतं, हे यादीतून कळत नाही. रविवारी पुन्हा जाते आहेस, म्हणून लगेच लिहितोय.

काय, कुठे, कधी, कोणी पाहिलं. एवढ्या चार गोष्टींशिवाय नोंद होत नाही. आणि लिहायचं ते तिथल्या तिथे, उभ्याउभ्या, अक्षर कसंही येवो. संध्याकाळी आठवून भरलेली वही मला लगेच ओळखू येते. तिच्यातले सगळे आकडे पाचाच्या नाहीतर दहाच्या पटीत असतात.

उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पहाट गाठ, हे तुला माहीत आहे. पण ऊन चढलं की सगळे घरी पळतात, तेव्हा तू तळ्याकाठी थांब (टोपी आणि पाणी घेऊन, शूरपणा नको). चतुरांची खरी वेळ तीच. भर दुपारी एखादा चतुर काडीच्या टोकावर बसून पोट सरळ वर, सूर्याकडे रोखून उभं धरतो. शीर्षासन घातल्यासारखा दिसतो. तसं केल्यानं अंगावर कमी ऊन पडतं. असं दिसलं तर नावापुढे तेही लिही, वेळेसकट. पक्षी चोच उघडी टाकून धापत असेल तर तेही. वागणुकीची एक ओळ कित्येकदा नावापेक्षा जास्त कामाची ठरते.

आता माझं आवडतं काम. गुडघ्यावर बस आणि पाण्यातून वर आलेल्या काड्या एकेक करून बघ. चतुराची रिकामी कात सापडेल: मातकट, पायांनी काडी घट्ट धरलेली, पाठीवर उभी चीर. चिरेतून पांढरे दोरे लोंबताना दिसतील. ती आतल्या श्वासनलिकांची अस्तरं. उडणारा चतुर कुठूनही आलेला असू शकतो. ग्लोब स्किमर नावाचा चतुर तर समुद्र ओलांडतो. कात मात्र सांगते की हा जीव याच पाण्यात वाढला. तुझ्या 41 नावांत एकही कात नव्हती, याचं मला खरंच वाईट वाटलं.

नावाबद्दल थोडं कडक बोलतो. मी तुझ्या वयाचा असताना एका तळ्यावर टाचणीच्या (चतुराचा सडपातळ भाऊबंद, डॅमसेलफ्लाय) दोन जाती नोंदवल्या, एक फिकट आणि एक गडद निळी. दोन वर्षं ती नोंद अभिमानानं मिरवली. मग कळलं की नुकतीच बाहेर पडलेली टाचणी फिकटच असते, रंग नंतर भरतो. माझ्या दोन जाती म्हणजे एकाच जातीची कोवळी आणि जून टाचणी! तेव्हापासून मी पानाच्या मध्ये रेघ मारतो. डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे जे वाटलं ते. 'टाचणी, फिकट, पंख चकाकणारे' हे डावीकडे. जातीचं नाव उजवीकडे, शंका असेल तर प्रश्नचिन्हासह. 'टाचणी, जात कळली नाही' ही पूर्ण नोंद आहे. कुणी अनुभवी माणसानं शेजारी उभं राहून नाव सांगितलं, तर तेही उजवीकडेच.

मोजणीचंही तसंच. फुलपाखरं मोजायची एक जुनी, साधी रीत आहे: ठरलेली वाट, सावकाश चाल आणि पाच मीटर रुंदीच्या पट्ट्यात दिसतील तेवढीच मोजायची. ब्रिटनमध्ये 1976 पासून याच पद्धतीनं देशभर नोंदी होत आहेत. पट्ट्याबाहेर कितीही देखणं फुलपाखरू आलं तरी ते मोजणीत धरायचं नाही. त्रास होतो, मला अजूनही होतो. पण म्हणूनच यंदाचा आकडा पुढच्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना 'ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का?' असं विचारतात, त्याचं कारण हेच. कावळ्या-चिमण्यांना गाळून फक्त 'खास' पक्षी लिहिलेस तर प्रामाणिकपणे 'नाही' म्हण. सगळे लिहिले असतील, तरच एखाद्याच्या नसण्याला अर्थ येतो.

घरट्याजवळ मात्र जाऊ नकोस. रणरणत्या उन्हात पक्षी अंड्यांवर बसतो तो कित्येकदा सावली धरायला. तू जवळ गेलीस, तो उडाला, की थोड्याच वेळात अंडी तापून जातात. लांबून बघ, आणि आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकणार असशील तर नेमकी जागा झाकायची सोय वापर.

रविवारी 41 नावं नकोत. तळ्याची एकच कड धर, एक तास बस. काती सापडल्या तर काडीवरून काढण्याआधी फोटो घे, शेजारी पट्टी ठेवून, आणि पाण्यापासून किती उंचीवर होत्या तेही लिही. फोटो आले की आपण बसून नावं लावू.

तुझा,
काका