‘अर्बुद दमनक’ बरोबर आहे का? आणि क्रोमॅटिनला ‘रंगद्रव्य’?

प्रश्न असा आहे की कॅन्सरवरच्या एका लेखाच्या अनुवादात ट्यूमर सप्रेसर प्रोटीनला ‘अर्बुद दमनक प्रथिन’, क्रोमॅटिनला ‘रंगद्रव्य’ आणि जीनोम स्टॅबिलिटीला ‘जनुकीय स्थैर्य’ केलंय, ते चालेल का.

आधी रंगद्रव्य, कारण ते सरळ चुकलंय. रंगद्रव्य म्हणजे ज्याला स्वतःचा रंग असतो ते, कातडीतलं मेलॅनिन किंवा पानातलं हरितद्रव्य. क्रोमॅटिनला असा रंग नसतो. १८८० च्या आसपास वाल्टर फ्लेमिंग नावाचे जर्मन शास्त्रज्ञ सॅलॅमँडरच्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, तेव्हा केंद्रकातला एक भाग फार चांगला रंग धरायचा म्हणून त्यांनी ग्रीक ‘क्रोमा’ म्हणजे रंग यावरून त्याला हे नाव दिलं. आता रंग असणं वेगळं आणि रंग धरणं वेगळं, लुगड्याला रंग चांगला चढला म्हणून लुगडं म्हणजे रंग नव्हे. ‘रंज्यद्रव्य’ हा शब्द अर्थाने अचूक आहे पण बोलताना तो कोणाच्या तोंडी येत नाही. मी क्रोमॅटिनच लिहीन, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘डीएनए आणि तो ज्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो ती प्रथिनं, मिळून’ एवढं सांगून टाकेन.

हे ‘गुंडाळलेला’ महत्त्वाचं आहे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे. आपल्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण २ मीटर भरतो. तो हिस्टोन नावाच्या ८ प्रथिनांच्या गठ्ठ्यावर दोरा रिळावर घ्यावा तसा घेतलेला असतो, एका रिळावर डीएनएच्या अक्षरांच्या १४७ जोड्या, पुरते दोन वेढेही नाहीत, आणि अशी कोट्यवधी रिळं. जिथे वेढे सैल तिथलं जनुक वाचता येतं, जिथे घट्ट आवळलेले तिथलं बंद.

आता दमनक. दमन म्हणजे जो डोकं वर काढतोय त्याला दाबणं, बंडाचं दमन, इंद्रियदमन. म्हणजे अर्बुद दमनक वाचून असंच वाटणार की गाठ झालीये आणि हे प्रथिन तिला दाबतंय. इंग्रजीत सप्रेसर का आलं त्याला कारण आहे, १९६९ मध्ये हेन्री हॅरिस आणि सहकाऱ्यांनी कॅन्सरच्या पेशी दुसऱ्या पेशींशी जोडल्या तेव्हा त्यांचा घातकपणा दबला, त्या प्रयोगापुरता शब्द चोख होता. पण शरीरात ही प्रथिनं गाठ नसतानाच, रोजच्या रोज कामाला असतात.

आरबी या प्रथिनाचंच बघा, लहान मुलांच्या डोळ्याच्या कॅन्सरवरून, रेटिनोब्लास्टोमावरून नाव पडलेलं. पेशीला विभागायचं नसतं तेव्हा हे विभाजनाच्या जनुकांपाशी जाऊन बसतं आणि हिस्टोनवरचे अ‍ॅसिटिल गट (त्यांना चिकटलेले छोटे रासायनिक तुकडे) काढणाऱ्या एन्झाइमांना तिथे बोलावतं, गट गेले की वेढे आवळतात आणि जनुक मिटतं. पी५३ हे असंच दुसरं प्रथिन बऱ्याचदा उलटं करतं. डीएनएला इजा झाली की ते पी२१ च्या जनुकापाशी जातं, अ‍ॅसिटिल गट लावणाऱ्या एन्झाइमांना आणतं, वेढे सैल होतात, पी२१ हे विभाजन रोखणारं प्रथिन तयार होतं आणि पेशी दुरुस्ती होईपर्यंत थांबते. बीआरसीए१ हे तिसरं प्रथिन तर डीएनएचे दोन्ही धागे तुटले की शेजारच्या तशाच प्रतीवरून बिनचूक सांधायला मदत करतं, ते नसेल तर भलतंच टोक भलत्याला जोडलं जातं आणि गुणसूत्रांचे तुकडे इकडचे तिकडे होतात. यात दमन कुठेय? मिटणं, उघडणं, थांबवणं, सांधणं आहे, आणि गाठ होत नाही हा त्याचा परिणाम. म्हणून माझं मत ‘गाठरोधक प्रथिन’, फार तर ‘अर्बुदरोधक’. रोध म्हणजे मुळात येऊच न देणं, आणि गाठ हा शब्द घराघरात आहे, ‘मानेला गाठ आलीये’ हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

स्थैर्यही मला पटत नाही, कारण स्थैर्य म्हटलं की जागचं न हलणं डोळ्यासमोर येतं आणि इथे तर रिळं सतत सैल-घट्ट होतायत. जे टिकायचं ते जीनोममधली, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएमधली अक्षरं आणि त्यांचा क्रम. त्याला मराठीत फार छान शब्द आहे, शाबूत. ‘जीनोम शाबूत राहणं’ लिहा, अगदी नेमकं बसतं.

एक मात्र मनापासून सांगायचंय. माझ्या मावशीच्या बायॉप्सी रिपोर्टमध्ये ‘पी५३ स्ट्राँगली पॉझिटिव्ह’ असं होतं आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं, कॅन्सर रोखणारं प्रथिन भरपूर आहे म्हणजे चांगलंच ना. खरं तर धडधाकट पी५३ पेशीत फार टिकत नाही, तयार होतं आणि थोड्या वेळात मोडलं जातं. बिघडलेलं बऱ्याचदा साचून राहतं आणि तपासणीत गडद रंग धरतं, म्हणून ठळक पॉझिटिव्ह बहुतेकदा बिघाडाची खूण असते. तेव्हा असा रिपोर्ट मराठीत सांगायची वेळ आली तर ‘पी५३ सकारात्मक’ कृपा करून लिहू नका, ‘तपासणीत पी५३ ठळक दिसलं, अर्थ डॉक्टरांना विचारा’ असं लिहा.