गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे. खडीची खाण घराजवळ आहे, सुरुंगाने भिंती हादरतात. खाणवाल्याने काय करायला हवं?

तुम्ही जुन्या चिऱ्याच्या घराबद्दल विचारलंय, म्हणून आधी हादऱ्याचं सांगतो. सुरुंगाची दारू भरलेली सगळी भोकं एकदम उडवली की जमीन जोरात हलते. तीच काही मिलिसेकंदांच्या फरकाने उडवली, एका वेळची दारू कमी ठेवली, तर हादरा बराच उतरतो. तो मोजता येतो. घराच्या जोत्याजवळ भूकंपमापक ठेवून सुरुंग लावायचा. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकानुसार साध्या घरांसाठी जमीन हलण्याच्या वेगाची मर्यादा सेकंदाला 5 ते 15 मिलिमीटर, हादऱ्याच्या वारंवारतेप्रमाणे, म्हणजे जमीन सेकंदाला किती वेळा कंप पावते त्याप्रमाणे. मोजमाप खाणीत नाही, तुमच्या दारात झालं पाहिजे, यावर अडून बसा.

भिंतीला आज जे तडे आहेत त्यांचे पट्टी लावून, तारखेसह फोटो काढून ठेवा. खरं तर हे काम सुरुंग लागण्याआधी खाणवाल्यानेच करायला हवं.

धुळीसाठी क्रशरवर पत्र्याचं आच्छादन आणि पाण्याचे फवारे हवेत, ट्रकवर ताडपत्री हवी. पावसात धूळ बसते, पण खाणीतला गाळ शेतात उतरतो. त्यासाठी आधी गाळ बसवायचं तळं लागतं. विहिरीची पातळी उन्हाळ्यात महिन्याला मोजून लिहून ठेवा.

पर्यावरण परवानगीतल्या अटी पंचायतीत बघायला मागा. त्या पाळल्याचा अहवाल खाणवाल्याने दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो. तो ग्रामसभेत वाचायला लावा, आणि सुरुंगाची वेळ आदल्या दिवशी वाड्यावर, म्हणजे वस्तीत, कळवण्याचा ठरावही तिथेच घ्या.