ट्यूबने स्मॉलमाउथ बास कसा पकडायचा? टाकतो पण काहीच लागत नाही

तुम्ही लिहिलंय की डेट्रॉइटजवळ राहायला आलात, स्वतःची बोट नाही, लेक सेंट क्लेअरसाठी दुकानातून सॉफ्ट प्लास्टिकच्या ट्यूब (एका टोकाला झालर असलेली पोकळ आमिषं) आणल्या, टाकून लगेच रीळ गुंडाळता आणि स्मॉलमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा काही लागत नाही. अडचण त्या गुंडाळण्यातच आहे. ट्यूब मधल्या पाण्यातून पळवायची नसतेच, ती तळावरून घासत आणायची.

का ते सांगतो. त्या तलावात राउंड गोबी नावाचा छोटा मासा भरपूर आहे, आपल्या निवट्यांच्या नात्यातला. मूळचा काळा समुद्र आणि कॅस्पियनकडचा, जहाजं तोल राखायला जे बॅलास्टचं पाणी भरतात त्यातून इकडे आला आणि १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत सापडला. त्याच्या पोटात हवेची पिशवी नसते, त्यामुळे तो पाण्यात तरंगून राहूच शकत नाही, जरा उडी मारतो की परत तळाला बसतो. स्मॉलमाउथ त्याच्यावर पोसलेत, त्यांना खायचं तळावर शोधायची सवय आहे आणि साडेतीन इंची ग्रीन पंपकिन (मातकट हिरव्या) रंगाची ट्यूब तळावर सरकली की गोबीच वाटते. क्रेफिश (गोड्या पाण्यातला शेवंडासारखा छोटा प्राणी) म्हणूनही तीच खपते, म्हणून रंगांच्या मागे फार लागू नका, हा एक रंग आणि एखादा गडद तपकिरी पुरे.

आता जोडणी. ट्यूबच्या आत बसणारा, लांबट डोक्याचा जिगहेड (वजनदार डोकं असलेला गळ) मिळतो तो घ्या. डोकं पाण्यात ओलं करा, ट्यूबच्या झालरीच्या बाजूने आत घाला आणि बोटांनी चेपत चेपत पार नाकापर्यंत सरकवा, मग जिथे दोरा बांधायची कडी वर आलेली हाताला लागते तिथे अंगठ्याचं नख दाबून कडी प्लास्टिकमधून बाहेर काढा आणि गळाचं टोक पाठीतून सरळ बाहेर आलंय का बघा. ट्यूब वाकडी बसली असेल तर काढून परत घाला, वाकडी ट्यूब गरगर फिरते आणि दोऱ्याला पीळ पडतो.

जिगहेडचं वजन महत्त्वाचं. या तलावाची सरासरी खोली जेमतेम ११ फूट, त्यामुळे शांत पाण्यात १/४ औंस पुरतं, वाऱ्याने बोट वाहत असेल तर ३/८ किंवा १/२, नदीच्या प्रवाहात त्याहून जड. अगदी उथळ आणि निवांत पाण्यात १/८ लावून बघा, ट्यूब गिरक्या घेत खाली जाते आणि मासा पुष्कळदा ती पडतानाच धरतो, म्हणून पडताना दोऱ्यावरची नजर काढायची नाही.

टाकली की तळाला टेकू द्या, दोरा सैल पडला की कळतं. मग रॉडचं टोक हळू बाजूला ओढायचं, थांबायचं, सैल झालेला दोरा गुंडाळायचा, परत तेच. दगडावरून जाताना टकटक हाताला लागते, गवतात स्पंज ओढल्यासारखं वाटतं आणि मासा आला की बरेचदा धक्का बसतच नाही, फक्त अचानक जड होतं किंवा दोरा आपोआप एका बाजूला चालायला लागतो. तेव्हा हिसका न देता सैल दोरा भरून घ्या आणि रॉड लांबवर बाजूला ओढा. १० पौंड ताण सोसणारा ब्रेड (विणलेला दोरा) आणि पुढे ८-१० पौंडी फ्लुरोकार्बनचा दोरा लावलात तर हे सगळं हातात नीट उतरतं, जाड मोनोवर (साध्या नायलॉनच्या दोऱ्यावर) निम्मं कळत नाही.

दाट गवतात मात्र उघडा गळ अडकतो, तिथे ३/० मापाचा रुंद गळ टेक्सास रिग पद्धतीने टोक प्लास्टिकमध्ये लपवून लावायचा, तेव्हा मात्र हिसका जोरात द्यावा लागतो. झाडंझुडपांतल्या लार्जमाउथ या दुसऱ्या जातीच्या बासलाही हे चालतं, व्यावसायिक मासेमार डेनी ब्राउअरने १९९८ चं बासमास्टर क्लासिक, म्हणजे बास पकडायची मोठी स्पर्धा, नॉर्थ कॅरोलिनाच्या हाय रॉक लेकवर ट्यूब फ्लिप करूनच (जवळच्या अडचणीच्या जागी अलगद सोडूनच) जिंकली होती.

बोट नाही म्हणालात, काही हरकत नाही, लेक सेंट क्लेअर मेट्रोपार्कच्या किनाऱ्यावरूनही टाकता येतं. वय १७ किंवा त्याहून जास्त असेल तर मिशिगनचं लायसन्स काढा. पकडून सोडायला वर्षभर परवानगी आहे, पण घरी न्यायचा असेल तर या तलावात जूनच्या तिसऱ्या शनिवारपासून ३१ डिसेंबरपर्यंतच आणि किमान १४ इंचांचा. मी तरी सोडतोच, मोठा स्मॉलमाउथ तयार व्हायला कितीतरी वर्षं जातात. फाटलेल्या ट्यूब पाण्यात न टाकता खिशात ठेवा.